सांगावा

मोठ्याचं कवाड पुन्हा अर्ध्यावर आलं, थरथरलं आणि आल्या वाटेनं मागे गेलं. धाकट्याचं कधीच लागून उभं होतं.

सोनगीरच्या बाहेर, हायवेच्या अंगाला, झुंबरबाईच्या दोन्ही मुलांची घरं एकाच आवारात होती. वाटणीत सगळं कापून झालं, फाटक तेवढं एक उरलं. मग त्याचीही वाटणी झाली. उजवं कवाड मोठ्या निंबाचं, डावं धाकट्या नवलचं. कवाड चालवणारं मशीन वेगळं, रिमोट वेगळे. नवलच्या कवाडाला नुसते गज होते. निंबाने आपल्याला पत्रा ठोकून घेतला, नवलकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर आपल्या ओट्यावर पडते म्हणून.

आता तोच पत्रा शिडासारखा फुगत होता. वैशाखाचा वारा हायवेवरून धूळ घेऊन थेट अंगावर येत होता. पूर्वी इथे बाभळीच्या काट्यांचं फाटक होतं. कितीही वारा सुटला तरी त्यातून शीळ घालत निघून जायचा. झुंबरबाई ओट्याच्या पायरीवर डोळ्यांवर पदर धरून बसली होती.

धुळ्याहून आलेला मिस्तरी, दीपक, निंबाला समजावत होता. वारा कवाडाला रेटतो आणि मशीनला वाटतं समोर माणूस आहे, म्हणून ते मागे फिरतं. पत्रा काढला की वारा गजांतून निघून जाईल, कवाड मुकाट लागेल. निंबा म्हणाला, पत्रा निघणार नाही, जोर वाढव. दीपकने दोनदा सांगून पाहिलं, की मग खराच माणूस मध्ये आला तरी ते थांबायचं नाही.

"पुरा वाढव," निंबा म्हणाला.

तेवढ्यात नवल आला. आपल्या कवाडाच्या कडेवर पंजा टेकवून, भावाकडे पाठ करून, तो आईकडे पाहत हसला.

"माय, देख. वाराबी माणूस देखीसन वागस."

"माय, त्याले सांग," निंबाही आईकडेच पाहत म्हणाला, "सोतानं कवाड संभाळ."

झुंबरबाईने डोळ्यांवरचा पदर तोंडावर ओढला. वाटणीपासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही असेल ते 'त्याले सांग' म्हणून आईच्या हवाली करायचे. आणि आईच्या तोंडून आल्याशिवाय ते ऐकू आलं असं दाखवायचंही नाही, असा त्या अबोल्याचा रिवाज पडला होता. पाण्याची पाळी असो, बैलाचं दुखणं असो, सांगावा तिनेच न्यायचा. ज्वारीतून खडे वेचावेत तशा शिव्या वेचून टाकून ती उरलेलं पोचवत असे. आज तिचं तोंड थकलं होतं.

दीपकने जोर पुरा लावला. एक हात लाल बटणावर ठेवला, म्हणजे काही झालं तर लगेच बंद करता येईल, आणि कवाड सुरू केलं. ते वाऱ्याशी झुंजत, कण्हत, इंचाइंचाने पुढे सरकू लागलं. अर्ध्यावर आलं. या खेपेला मागे फिरलं नाही.

आणि समोरचा वारा एकाएकी पडला. घरांकडून वावटळ उठली. इतका वेळ अडून राहिलेलं कवाड सुटलं.

निंबाला नवलचा पंजा दिसला. तो दीपकवर ओरडला, "त्याले सांग, हात काढ!"

पहिले दोन शब्द वावटळीने नेले. दीपकला ऐकू आलं ते एवढंच, हात काढ. त्याने बटणावरचा हात काढला.

नवलने मात्र ते सगळं ऐकलं होतं. त्याची मान ताठ झालेली झुंबरबाईने पाहिली. तो हलला नाही. तिने सांगायला तोंड उघडलं, त्यात धूळ गेली.

पऱ्हाटीची जुडी मोडावी तसा आवाज झाला.

नवल किंचाळला. पंजा दोन कवाडांच्या मध्ये होता आणि मशीन अजून रेटतच होतं. रक्त गजांवरून खाली धावलं. दीपक बटण दाबत होता, पण थांबलेलं कवाडसुद्धा पकड सोडीना. निंबाने पहार आणून फटीत घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. पहार सटकली, त्याच्या हनुवटीचं कातडं सोलून गेली. त्याने ती पुन्हा घातली. दीपकने मशीन सुटं करायची किल्ली फिरवली, तेव्हा कुठे कवाड मोकळं झालं. हायवेचा वारा परत आला आणि त्याने ते भिरकावून मागे नेलं. पत्र्याची धार निंबाच्या कपाळावर बसली. त्याने रक्त पुसलंसुद्धा नाही. नवलला काखेत हात घालून उचललं आणि गाडीत टाकलं.

धुळ्याच्या रस्त्याला तो ट्रकांच्या मधून गाडी घुसवत होता. प्रत्येक खड्ड्याला मागच्या सीटवर नवलच्या घशातून जनावरासारखा आवाज निघत होता. झुंबरबाईने त्याचा हात लुगड्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. लुगडं भिजून जड झालं होतं.

समोर, हाताच्या अंतरावर, निंबाची पाठ होती.

"माय," नवल दात आवळून म्हणाला, "त्याले सांग, गाडी हळू चालाव. हाड हालस."

झुंबरबाईने पुढे पाहिलं. ओठ उघडले आणि पुन्हा घट्ट मिटून घेतले.

वारा काचांवर आपटत होता.

मग गाडी हळू झाली.