टाक्यांचा शेजारधर्म

गच्चीवर प्रत्येकाच्या टाकीत पाणी मोजणारं यंत्र बसलं. बसवणारा अभय शिदोरेकाकांना समजावत होता, "निरोप तीन प्रकारचे. आधी नमस्कार, मग पाण्याची पातळी, शेवटी पोचपावती."

"टाकी नमस्कार कोणाला करते?"

"शेजारच्या टाकीला. तिच्यामार्फतच निरोप खाली येतो."

"ती सणसांची. पार्किंगवरून आमचं बोलणं बंद आहे. नमस्कार तेवढा काढून टाका."

"मग पाणी संपलेलं कळणार नाही, काका."

काका गोंधळले. सणसांच्या टाकीकडे पाहत म्हणाले, "आधी नमस्कार कोणी केला?"

अभयने मोबाइलमध्ये पाहिलं. "त्यांच्या टाकीने."

काका खाली उतरले आणि त्यांनी सणसांची बेल वाजवली. दार उघडून चक्रावलेल्या सणसांना ते एवढंच म्हणाले, "नमस्कार पोचला."