वाळूची बादली

टायटॅनियम म्हणजे लाडावलेला जावई, असं कारखान्यातला लेथ चालवणारा म्हातारा टर्नर म्हणायचा: वजनाला हलका, ताकदीला पोलादासारखा, पण भडकला की आवरत नाही. विमानाचे भाग लेथवर घडवताना त्याचा कीस कधीमधी पेटायचा, आणि त्यावर पाणी पडलं की स्फोटच. म्हणून मशीनशेजारी वाळूची बादली असायची. नव्या साहेबांच्या डोळ्यांत ती खुपली. त्यांनी ती केबिनच्या दाराशी नेऊन तिच्यात गुलाब लावला. टर्नर सांगायला गेला, तर सगळ्यांदेखत उत्तर मिळालं, "काका, हात चालवा, तोंड नको." आज कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरच कीस भडकला. पाहुणे दाराकडे पळाले. साहेब पाण्याची बादली घेऊन ऐटीत धावले. "बाजूला व्हा, काका!" "पाणी नको" हे शब्द टर्नरच्या ओठांपर्यंत आले, तिथेच थांबले. तो दहा पावलं मागे सरला. तोंड उघडलं नाही. हात तेवढे चालवले, दोन्ही कानांवर ठेवले.