हाताला न येणारा कोपरा

मेंढरांमागं फिरणाऱ्या येडूनं जुन्या टेंपोतच संसार थाटला होता. टपावर सोलरची प्लेट, आत बॅटरीवर एक दिवा आणि एक पंखा. प्लेटीवर धूळ बसली की बॅटरी भरायची नाही, म्हणून त्याची बायको मायाक्का रोज चाकावर चढून ओल्या फडक्यानं ती पुसायची. बुटकी बाई, पलीकडचा कोपरा काही हाताला यायचा नाही. तेवढा कायम मातकट.

मायाक्का वारल्यावर येडूनं प्लेटीला हात लावला नाही. तरी दिवा लख्ख जळायचा.

मैंदर्गीच्या माळावर लेक रुपाली भाकरी घेऊन आली. वर बघून म्हणाली, "आबा, प्लेट पुसली की तुमी. पर त्यो कोपरा का सोडला?"

येडूनं हातातली भाकरी खाली ठेवली. "म्या न्हाय पुसली, बाय."

रुपाली गेल्यावर त्यानं प्लेट उतरवली आणि आत, मायाक्का निजायची त्या फळीवर, आपल्या उशालगत ठेवली. दोन दिवसांत तिच्यावर धूळ साचली.

मग एका दुपारी तो आडवा झाला असताना टेंपो एका अंगाला कलला. मायाक्का चाकावर चढली की कलायचा, तसाच. वर पत्र्यावर कुणीतरी चाचपत हात फिरवला. थांबला. टेंपो सरळ झाला.

येडूनं मान वळवली. उशालगतच्या प्लेटीवर, धुळीत ओला पट्टा उमटत होता.

"ऱ्हाऊ दे की गं," तो पुटपुटला. "आता दिवा कुणासाटी?"

पट्टा थांबला नाही. इथं हात पुरत होता. पलीकडचा कोपराही लख्ख झाला, आणि मग ते गार, ओलं फडकं येडूच्या गालाला लागलं.