पहिल्या रांगेतल्या बाई

बाई आजही आल्या होत्या. पहिल्याच रांगेत, साडीवर जाड कोट, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी शाळकरी नात कंटाळून बसलेली.

मंचावर गायिका हेस्टर लेनच्या मांडीवरून गिटार घसरली. तिने ती सावरली, तारा जुळवल्याचं नाटक केलं आणि समोर पाहून हसली. इतकी वर्षं गाऊन पोट भरल्यावर हसणं आपोआप येतं.

बाई आधी ऑक्सफर्डला दिसल्या, मग ब्रिस्टलला. आता ईलिंगच्या या चर्चच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. ‘नदीकाठची अंगाई’ सुरू झाली की श्रोते रिवाजाप्रमाणे धृपदाला साथ देत. बाईंचेही ओठ हलत, पण निराळेच. चाल तीच, शब्द मात्र इंग्रजी नव्हेत. आणि गाणं संपायच्या आत त्या पिशवी उचलून निघून जात.

हेस्टरने त्यांना ऑक्सफर्डलाच ओळखलं होतं. लीलावती. चाळीसेक वर्षांपूर्वी याच ईलिंगमध्ये भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या.

तेव्हा हेस्टर ही हेस्टर नव्हती. लाल केसांची, काडीसारखी पॉलीन ग्रब होती. दिवसा बेकरीत पाव विकायची, संध्याकाळी लोकगीतांच्या फोक क्लबात दुसऱ्यांची गाणी गायची. त्या हिवाळ्यात ती तापाने फणफणली. दिवसच्या दिवस शुद्ध नव्हती. लीलावतीबाईंनी तान्हं पोर काखोटीला मारून तिच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, मुगाची खिचडी भरवली. ती भानावर आली तेव्हा भिंतीपलीकडून बाईंची अंगाई ऐकू येत होती. अशी चाल तिने जन्मात ऐकली नव्हती. तरी गिटार हातात घेताच ती बोटांत अलगद बसली.

मग तिने त्या चालीवर इंग्रजी शब्द रचले, खोली सोडली, नाव बदललं. जाताना शेजारची बेलसुद्धा वाजवली नाही.

पुढचं सगळं त्या गाण्याने दिलं. रेकॉर्ड, दौरे, समुद्राकाठचं घर. पुढच्या महिन्यात जीवनगौरव मिळायचा होता, तोही त्याच गाण्यासाठी.

लोकगीतांच्या दुनियेत चाल उचलणं पाप नाही, सगळेच उचलतात. पण गाण्याआधी सांगायचं असतं, हे अमक्या कोळ्याकडून घेतलं, तमक्या आजीकडून शिकलो. तशी रीतच आहे. लपवलं आणि उघडकीला आलं की संपलं. मग कुठल्या क्लबात तुम्हाला कोणी उभं करत नाही. हेस्टर मात्र दरवेळी म्हणत आली होती, “हे माझंच आहे.”

चोराच्या मनात चांदणं. तिला त्या कापडी पिशवीत आता कॅसेट दिसायला लागली होती. जुनी, लीलावतीबाईंच्या आवाजातली, वर साल लिहिलेली. तिला झोप येत नव्हती, घास गिळवत नव्हता. दाराची बेल वाजली तरी ती दार उघडायची नाही.

“हे माझंच आहे,” ती आजही म्हणाली. आवाज कापला. लोकांना वाटलं, गायिका भावुक झाली.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेतल्या बाई या वेळी उठून गेल्या नाहीत.

“आजी, कमऑन ना! बस येतो आहे,” नात मोडक्या मराठीत म्हणाली.

“येऊ दे गं, अन्वी. आज बोलल्याशिवाय मी हलायची नाही.”

हेस्टरला भाषा कळली नाही, पण बाईंचा निर्धार कळला. ती घाईने मागच्या खोलीत गेली. तिने गिटार पेटीत ठेवली. एवढ्यात दारावर टकटक झाली.

बाई आत आल्या. त्यांचं इंग्रजी आता सफाईदार होतं. “ओळखलंस का मला? मी लीलावती. पॉलीन ना तू?”

हेस्टरने समोरच्या आरशात पाहिलं. आपले केस पांढरे, अंग सुटलेलं, डोळ्यांवर जाड चष्मा. बाईंना खात्री नाही, हे तिने हेरलं.

“तुमची चूक होतेय,” ती म्हणाली. “मी पॉलीन नावाच्या कोणालाच ओळखत नाही. ईलिंगमध्ये मी कधी राहिले नाही.”

“नक्की?”

“शपथेवर सांगते.”

बाईंचा चेहरा उतरला. त्या खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी पिशवीत हात घातला. आता कॅसेट निघणार, हेस्टरला वाटलं.

पिशवीतून स्टीलचा डबा निघाला.

“तिच्यासाठी खिचडी आणली होती,” बाई म्हणाल्या. “माफी मागायची होती. तीनदा आले, दोनदा धीर सुटला.”

“माफी? कसली?”

“या चालीची. तापात ती पोर अखंड हीच चाल गुणगुणायची. शुद्धीवर आली तेव्हा तिला काही आठवत नव्हतं. तोवर माझं बाळ या चालीशिवाय झोपेना, म्हणून मीच तिच्यात आपले शब्द घातले. पुढे आमच्या मंडळात माझी म्हणूनच गात आले. बायका वाहवा करायच्या, मी गप्प बसायचे. मग रेडिओवर तुम्हाला ऐकलं. वाटलं, पॉलीनच ही. आता सगळ्यांना कळणार, लीलाताई चोर आहेत.”

हेस्टरने गिटारच्या पेटीची कडी लावली.

बाईंनी डबा पिशवीत परत ठेवला, पदराने डोळे टिपले आणि उठल्या. दाराशी जाऊन थबकल्या. वळून पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

“पण तुम्ही पॉलीन नाही,” त्या सावकाश म्हणाल्या, “तर मग तिची चाल तुमच्याकडे आली कुठून?”