भाचीचं उष्टावण

भाचीच्या उष्टावणाची खीर श्रीरंगनंच शिजवली, कारण घरात जेवणारा तो एकटाच उरला होता. बाकीच्यांच्या दंडावरची पट्टी थेट रक्तात पोषण सोडायची.

त्यानं सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवली. भाचीनं मिटक्या मारल्या आणि पुन्हा आ केला.

रेवतीनं भावाचा हात धरला. “बस, दादा. उद्या तिचं जठर आणि आतडी काढायची आहेत. उगाच चटक लागायची.”

“मग हे उष्टावण तरी कशाला?”

“असं कसं? पहिला घास मामानं भरवायची रीत आहे आपल्यात.”

तिनं उरलेली खीर मोरीत ओतली, लेकीचं तोंड स्वच्छ पुसलं आणि सगळ्यांना फोटोसाठी बोलावलं.

फोटोत सगळे हसले. भाचीनं मात्र आ केलेला होता.