लाकडी चमचा
डॉमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती मठात जेवताना बोलायची बंदी. एकाने उभं राहून वाचायचं. चुकला की म्हातारे लुटोल्ड लाकडी चमचा आपटून ओळ पुन्हा वाचायला लावत. आज एबरविन स्वतःच लिहिलेली बखर वाचत होता. एका विणकरणीला पाखंडी म्हणून जिवंत जाळलं होतं; तसं ठरवणारा धर्मपंडितही तोच. "तिने सरण पेटल्यावरही येशूचं नाव घेतलं नाही." ठक्! "परत वाच." त्याने अक्षरन् अक्षर तेच वाचलं. ठक्! "पंडित ना तू? नीट वाच की!" त्या दिवशी सरणापाशी क्रूस धरून लुटोल्डच उभे होते. आता समोर मठाधिपती रोखून बघत होते. ती ओळ त्यांनीच घालायला लावली होती. पानात डोळे खुपसून एबरविनने तिथे नसलेलंच वाचलं, "घेतलं. आवाज जाईपर्यंत घेतलं." चमचा वाजला नाही. मठाधिपतींनी हात पुढे केला, "पोथी इकडे दे." लुटोल्डनी चमचा कालवणात बुडवला.