पंधरा कमी

"एकशे दोन," चंद्रशेखरने कापडी फितीवरचा आकडा मोठ्याने वाचला आणि वहीत लिहिलं, सत्त्याऐंशी.

"पुराना पेड़ है साहब, हमारे बाबा का लगाया हुआ," जगदीश बुंध्यावर थाप मारत म्हणाला. बाग त्याची होती आणि तिची माळीगिरीही तोच करायचा. अक्षरओळख मात्र त्याला नव्हती. म्हणूनच हे काम सोपं होतं आणि म्हणूनच चंद्रशेखरला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

लखनौजवळच्या मलिहाबादेतल्या त्या दशहरी आंब्यांच्या बागेतून नवा रस्ता जायचा होता. त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा अहवाल चंद्रशेखरच्या कंपनीकडे होता. छातीच्या उंचीवर नव्वद सेंटिमीटर घेर भरला की झाड मोठं धरायचं. निम्म्याहून जास्त झाडं मोठी निघाली तर रस्त्याने बागेला वळसा घालायचा, अशी अट होती.

बड्या साहेबांना वळसा नको होता. "हर पेड़ पंद्रह कम लिखना," केबिनचं दार लावून ते म्हणाले होते. "न ज़्यादा, न कम. और हाँ, तुम्हारी नागपुर वाली फ़ाइल मेरी ही मेज़ पर है।"

नागपुरात चंद्रशेखरची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. तीन वर्षं बदलीचा अर्ज धूळ खात होता. तो "जी" म्हणाला आणि बाहेर पडला.

पहिल्या दिवशी चारच झाडं झाली. दुपारी कंपनीची जीप अचानक परत निघाली, तेव्हा चंद्रशेखरची पिशवी, वही आणि फीत जगदीशच्या ओसरीवरच राहून गेली. लखनौला पोचल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी तो धास्तावून पोचला. जगदीशची सून कांचन ओसरीवर बसून, पुस्तकात बघून मुलीकडून पाढे म्हणवून घेत होती. तिने पिशवी आणून दिली. तिचा चेहरा कानकोंडा झाला होता.

"साहब, बही पे चाय गिर गई। माफ़ करना।"

पहिल्या पानावरची शाई पसरून नुसता निळा चिखल झाला होता. चंद्रशेखरला उलट हायसं वाटलं; ते आकडे त्याला लक्षातही ठेवायचे नव्हते.

"चारों पेड़ फिर से नाप लेंगे," जगदीश म्हणाला. "फीते की कड़ी भी ढीली थी, बहू ने टाँक दी।"

पितळी कडीला लाल दोऱ्याचे टाके होते. चंद्रशेखर अवघडून "शुक्रिया" म्हणाला. आपण यांची बाग कापायला निघालोय आणि ही माणसं आपली फीत शिवून देतायत!

मग पाच दिवस तेच चाललं. जगदीश कडी आपल्या रुंद पंजाखाली बुंध्यावर दाबून धरी. चंद्रशेखर फीत घेऊन झाडाला वळसा घाली, परत त्याच्या पंजापाशी येई आणि आकडा वाची. वाचायचा एक, लिहायचा पंधरा कमी. जगदीशच्या तोंडाकडे बघायची त्याला हिंमत होत नसे. आकडा दिसला की मान खाली वहीत. संध्याकाळी जगदीश त्या पानावर अंगठा उठवी आणि म्हणे, "आप लिखे हैं तो ठीक ही होगा।"

दर दुपारी कांचन जेवण आणून ठेवी. अरहरची म्हणजे तुरीची डाळ, पोळ्या, मोहोराच्या दिवसांतही जपून ठेवलेलं गेल्या सालचं लोणचं. एकदा तर चंद्रशेखरने पहिल्याच घासाला ताट बाजूला सारलं.

"मिर्च ज़्यादा है क्या?" तिने विचारलं.

"नाही... नहीं, बहुत अच्छा है," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

"जेवला नाहीस का नीट?" घरी प्रतिमाने, त्याच्या बायकोने, विचारलं. आईने लिहवून घेतलेलं पत्र आलं होतं, ते त्याने फोडलं नाही.

ऑफिसात बेरीज केली तेव्हा तो चक्रावला. तीनशे चाळीस झाडांपैकी दोनशे एक मोठी निघाली होती.

"पंद्रह कम करके भी?" बडे साहेब ओरडले. पण पानापानावर जगदीशचा अंगठा होता, आता खाडाखोड चालण्यासारखी नव्हती. अहवाल तसाच पुढे गेला. नागपूरची फाइल मागे पडली.

जूनमध्ये दिल्लीहून तपासणी पथक आलं. त्यांच्याकडे स्वतःची पोलादी फीत होती. कोणतीही पन्नास झाडं ते मोजणार होते. चंद्रशेखर सकाळपासून देवाला हात जोडून होता. पन्नासही झाडं पंधरा-पंधराने चुकणार, नोकरी जाणार आणि जगदीशसमोर नाक कापलं जाणार.

पन्नासही झाडं सेंटिमीटरला सेंटिमीटर जुळली.

"ऐसा साफ़ काम कम देखने को मिलता है," पथकाचे प्रमुख त्याची पाठ थोपटत म्हणाले. रस्ता बागेला वळसा घालून जाणार, हे तिथेच ठरलं. चंद्रशेखर मात्र घामाने भिजला. त्या कौतुकाने त्याला जास्तच लाज वाटली. आपण चोरी केली ती गेली कुठे, हेच त्याला कळेना.

पथक गेल्यावर तो एकटाच मागे राहिला. कांचन पहिल्या पाडाच्या दशहरीची टोपली घेऊन आली, तेव्हा त्याच्याने राहवलं नाही.

"जगदीशजी, मैं ये नहीं ले सकता," त्याने हात जोडले. "मैंने आपके पेड़ कम लिखे थे। हर पेड़। पहले दिन से।"

जगदीशने कांचनकडे पाहिलं. कांचनने पदर सारखा केला आणि टोपलीतले आंबे नीट लावायला लागली.

"फीता है साहब, झोले में?" जगदीश शांतपणे म्हणाला. "बहू का टाँका देख लीजिए ज़रा, कच्चा तो नहीं रह गया।"

चंद्रशेखरने पिशवीतून फीत काढली. पितळी कडी, लाल दोरा आणि लाल दोऱ्याला लागूनच छापलेला फितीवरचा पहिला आकडा: सोळा.